इंजिनाची मागची खिडकी

माझा भाऊ रामहरी मुंबईच्या गोदीत कामाला होता. एका दिवाळीला त्यानं खेळण्यातलं डिझेल इंजिन आणलं. पत्र्याचं, चावीवर पळणारं, परदेशी बनावटीचं. पोरंबाळं असलेल्या घरात ते दोन दिवसांत मोडलं असतं. आमच्या घरात पोर नव्हतं, म्हणून ते ह्यांच्या हाती लागलं.

हे कारखान्यात उसाचे डबे ओढणाऱ्या छोट्या डिझेलचे ड्रायव्हर. खेळणं बघितल्याबरोबर म्हणाले, "आपल्या इंजिनासारखं न्हाय ह्ये. नाक आखूड हाय." झालं! त्या दिवसापासून माझ्या घरातला पत्रा जागेवर राहिला नाही. डालड्याचा डबा कापून ह्यांनी इंजिनाचं नाक लांब केलं. माझी चहाची गाळणी नाहीशी झाली, ती इंजिनाच्या तोंडावरची जाळी होऊन सापडली. बारामतीच्या बाजाराला गेले की मीठ विसरायचे, पण डाग द्यायचं कथील आणि हिरवा रंग न चुकता आणायचे. मी तोंडाचा पट्टा सोडायचे आणि हे आपले हसायचे.

शेजारच्या खोलीतले गेणूभावजी ह्यांच्याच इंजिनावर जोडणीवाले होते, म्हणजे डबे इंजिनाला अडकवायचं काम त्यांचं. संध्याकाळी ते येऊन बसायचे आणि ह्यांची थट्टा करायचे.

"सावळारामदादा, खिडक्या तर नुसत्या रंगवलेल्या हायेत. आंधळा ड्रायव्हर बसवताय व्हय?"

"खिडक्या शेवटाला," हे म्हणायचे.

पुढच्या खंडेनवमीला कारखान्यात इंजिनाची पूजा झाली. सजवायचं काम दरसाल भावजींचं आणि हार त्यांच्या बायकोचे, धोंडाबाईचे. आमच्याच दारात बसून तिनं झेंडूची पाटी संपवली. इतका गच्च हार ओवायची की दोन फुलांमधून पलीकडचं बोट दिसायचं नाही. आणि पूजेचा हार हातानं काढायचा नाही, सुकून गळेल तेव्हा गळू द्यायचा, असा भावजींचा दंडक.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे कारखान्यात इंजिन मागं घेत होते. भावजी इंजिन आणि डब्याच्या मधे उभे होते. ह्याहून जास्त मला सांगवत नाही.

इंदापूरला पोलिसांत जबाब झाला. ह्यांनी सांगितलं, "मागं बघितलं व्हतं. कुणी दिसलं न्हाय." अपघात म्हणून प्रकरण मिटलं. हारतुरे काढून इंजिन तर त्याच दिवशी धुऊन टाकलं होतं.

आमच्या घरात मात्र काहीच होईना. हे कामावर जाईनात, रडेनात. पुढ्यात भाकरी ठेवली तर खायचे, न ठेवली तर मागायचे नाहीत. धोंडाबाईचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचे, पण माझ्या आत काही हलायचं नाही. माणूस बधिर होतं म्हणतात ते हेच, हे मला तेव्हा कळलं.

मग एक दिवस ह्यांनी ते खेळणं खाली काढलं. कारखान्यात जाऊन खऱ्या इंजिनाला सुतळी लावून मापं घेऊन आले आणि छिन्नीनं पत्रा कापायला बसले. मी भडकलेच.

"माणूस गेलंय आन् तुमाला खेळ सुचतोय?"

"मागची खिडकी कापतोय," हे म्हणाले. वर मान केली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खिडकी पुरी झाली. मी झेंडू घेऊन दारात बसले होते. ह्यांनी इंजिन जमिनीवर ठेवलं, त्याच्या मागं काड्यापेटीचा डबा आणि दोघांच्या मधे ज्वारीच्या धाटाचा एक माणूस उभा केला. मग पालथं पडून, ड्रायव्हर बसतो तिथं डोळा लावून मागं बघितलं.

"दिसतोय," हे म्हणाले. "छातीपसून वर साफ दिसतोय, रतन. म्हंजी मी बघितलंच न्हाय. नुसतं बघितलं आसं वाटलं."

आवाजात काही नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं बोलले. माझ्या अंगात संताप उसळला. भावजींवर, ह्यांच्यावर, त्या मेल्या पत्र्यावर. आणि त्याच वेळी माझं लक्ष मांडीवरच्या फुलांकडे गेलं. मी तीन झेंडू दोऱ्यात ओढले आणि इंजिनाच्या मागच्या खिडकीवर बांधले.

"आता बघा."

ह्यांनी पुन्हा डोळा लावला.

"न्हाय दिसत," म्हणाले. "व्हता. हार व्हता खिडकीवर. सवयीनं मान वळवली आन् फुलंच बघितली मी."

मला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं. "मग तुमचा काय दोष? हार भावजींनीच बांधलेला," मी म्हणाले.

हे उठून बसले. "आन् ववला कुणी?"

माझी नजर भिंतीकडे गेली; पलीकडे धोंडाबाई होती.

भाऊबिजेला धोंडाबाईचा भाऊ दत्तोबा तिला कायमची बारामतीला न्यायला आला. गाडी जुंपलेली होती. ती आमच्या दारात आली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"दादा, एवढं खरं सांगा, मंग मी जाते. ते तुमाला दिसले व्हते का न्हाय? रातभर ह्येच मनात येतं."

तिची नजर दाराजवळच्या कोनाड्यातल्या इंजिनावर गेली. सुकलेले झेंडू अजून खिडकीवर होते. ती हात लांब करून म्हणाली, "हितं कशाला बांधली फुलं?"

तिचा हात पोचायच्या आत ह्यांनी फुलं ओढून काढली. हातानं.

"दिवाळीची हायेत," हे म्हणाले. "धोंडाबाई, गेणू मला दिसला व्हता. माझंच ध्यान न्हवतं."

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

"मला वाटलंच व्हतं," धोंडाबाई म्हणाली. आमच्या घरावर, आमच्या हातावर तिनं जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. ते सगळं मी ऐकलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही. पदर खोचला आणि गाडीकडे चालू लागली.

गाडी वळणाआड होईपर्यंत मी दारात उभी होते. आत हे मुठीत फुलं धरून बसले होते.

"गेली?"

"गेली."

"नीट चालत व्हती?"

"व्हय," मी म्हणाले. "ताठ चालत व्हती."