डावीकडची पदकं

मी एक कागद बोलतोय. कागद म्हटलं की तुम्हाला वही आठवेल, रद्दी आठवेल, भेळेचा पुडा आठवेल. मी त्यातला नव्हे. मी फोटोचा कागद. उजेड लागला की मी बदलतो, आणि एकदा बदललो की माघार नाही. आमची जमात आता संपत आली आहे. दुकानात आमचं नाव काढलं, तर दुकानदार आधी गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत बघून घेतो आणि मगच माळ्यावर चढतो.

मला विकत घेतलं मृणालने. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांवर तिचं घर आहे, आजोबांपासूनचं. मराठी बोलते, पण दर वाक्यात दोन शब्द हिंदीतून उसने घेते. बाथरूमच्या खिडकीला काळा कपडा ठोकून तिने तिथे अंधारखोली केली होती. त्यामुळे घरातल्यांना अंघोळीसाठी तिची परवानगी काढावी लागे. सगळं जग मोबाईलवर फोटो काढतंय आणि ही बया लाकडी पेटीएवढा कॅमेरा खांद्यावर टाकून हिंडतेय!

तिची तऱ्हा निराळी. ती फिल्म वापरत नाही. फिल्मच्या जागी आम्हालाच कॅमेऱ्यात बसवते. समोरच्या माणसाने श्वास रोखून स्थिर बसायचं, कारण आम्ही जरा मंद बुद्धीचे, झटकन काही टिपत नाही. मग लाल दिव्याखाली आम्हाला औषधाच्या पाण्यात सोडायचं. आधी सगळं उलटं उमटतं, केस पांढरे आणि चेहरा काळा. मग दुसऱ्या पाण्यात ते काळं विरघळून जातं. मी तर घाबरलोच होतो. वाटलं, आपण पुसलो गेलो. पण मग तिने पांढरा दिवा लावला, मला परत पहिल्या पाण्यात घातलं, आणि माझं जे अंग उरलं होतं त्यातून खराखुरा माणूस वर आला. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. एक माणूस, एक कागद.

माझ्या वाट्याला आलेला माणूस म्हणजे शिवांजली. तिचा नवरा युवराज फौजेत नायक होता. पहाडात रस्त्यावर दरड कोसळली आणि त्याची गाडी खाली गेली. कराडकडच्या त्यांच्या गावी पेटी आली ती बंदच. उघडू नका, असं सांगितलं होतं. युवराजच्या आईने, सखुबाईने, पोराचं तोंड पाहिलंच नाही. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे, रडलीसुद्धा नाही.

पुढे दिल्लीच्या छावणीत अशा कुटुंबांचा सत्कार झाला, तिथे मृणाल कॅमेरा घेऊन आली होती. सुभेदारसाहेबांनी युवराजची दोन पदकं शिवांजलीच्या साडीवर स्वतः लावली, उजव्या बाजूला. फौजेत तशी रीतच आहे. ज्याची पदकं तो छातीवर डावीकडे लावतो. तो गेला की घरच्यांनी उजवीकडे लावायची. छावणीतल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. सखुबाई त्या दिवशी घरीच होती, पण पोराबरोबर बरीच वर्षं छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहिलेली, तिलाही ते पाठ होतं.

मृणालने त्या पदकांसकट तिचा फोटो माझ्यावर घेतला, मला तयार केलं आणि आठवड्याने त्यांच्या दिल्लीतल्या क्वार्टरवर आणून दिलं. तिला माझा केवढा अभिमान!

"आजी, हा मोबाईलसारखा नाही," ती म्हणाली. "यात काहीच एडिट करता येत नाही. बिल्कुल जे समोर होतं, तेच यात येतं."

एवढं बोलून, चहा पिऊन ती निघून गेली. एक गोष्ट सांगायची मात्र राहून गेली. माझ्यात डावं उजवीकडे येतं आणि उजवं डावीकडे. तिच्या रोजच्या कामातली गोष्ट ती, तिच्या डोक्यातही आलं नाही.

सखुबाईने मला खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत राहिली. मग सुनेला हाक मारली.

"शिवा, मेडलं डावीकडं हायत."

"आत्या, फोटोत तसं दिसतंय. मी उजवीकडेच लावली होती." शिवांजली सासूला आत्या म्हणते.

"तू न्हाई लावलीस, सायबांनी लावली. एवढा मोठा फौजी माणूस चुकंल व्हय? त्यांना ठावं असणार काहीतरी. माझा युवराज जिता हाय, पण बोलता येत नसंल त्यांना."

"पदर बघा ना, तोही उजव्या खांद्यावर आलाय!"

"पदराचं काय, तू घाईत कसाबी घेतला असशील." शिवांजलीने त्याच दिवशीचा मोबाईलमधला फोटो काढून दाखवला. सखुबाईने तो बघितलाही नाही. "मोबाईलात काय, आता मेलेली माणसंबी बोलवत्यात. त्या पोरीनं सांगितलं न्हाई का, ह्या कागदात बदल करता येत न्हाई म्हणून? हातच्या काकणाला आरसा कशाला!"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ती काडी मी होतो, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, बाई, मी खोटं बोलत नाही, पण माझं ऐकूही नकोस.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं सगळं फिरलं. सखुबाई रोज सकाळी सुनेच्या कपाळाला टिकली लावू लागली, हातात हिरव्या बांगड्या भरू लागली. शिवांजली मुकाट्याने लावून घ्यायची. तिला नोएडात एका ऑफिसात नोकरी लागली होती. मेट्रोत बसली की ती टिकली काढून पर्समध्ये ठेवायची आणि घरी येताना जिन्यात परत लावायची. शेजारणी बघत होत्या. तोंडावर कोणी बोललं नाही, पण हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, या पेचात दोघीतिघींनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

क्वार्टर सोडायची मुदत जवळ आली. वर्षश्राद्धही तोंडावर आलं. गावाहून चुलत दीर खंडेराव फोन करून थकला. सखुबाईचं एकच, "जित्या माणसाचं श्राद्ध घालता व्हय रं? आन तो दारात आला, कुलूप दिसलं, तर कुठं शोधंल आम्हाला?"

एका संध्याकाळी शिवांजलीने स्वयंपाकघरातून मृणालला फोन लावला. डावीकडच्या पदकांपासून टिकलीपर्यंत तिने सगळं सांगितलं. ती हळू बोलत होती, तरी मला ऐकू आलं. "मृणाल, माझा नवरा एकदाच गेला. ह्या घरात मी त्याला रोज सकाळी जिवंत करते आणि मेट्रोत मारते. मला आता होत नाही."

पलीकडून मृणाल म्हणाली, "आजींना घेऊन ये. त्यांचा फोटो काढू."

सखुबाई लगेच तयार झाली. युवराज आला की त्याला दाखवायला आपलाही असा फोटो हवा, असं तिला वाटलं. ठेवणीतलं लुगडं नेसली. मला पिशवीत असं ठेवलं, की माझी वरची कड बाहेर डोकावत होती. जोडी जमेल म्हणाली.

करोल बागेतल्या गच्चीवर मृणालने तिला खुर्चीत बसवलं. हात मांडीवर ठेवायला सांगितले. "हलू नका हं आजी."

"न्हाई हलत. पोरगा विचारंल, आई, तू हाललीस का म्हणून," सखुबाई म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग तिघी त्या बाथरूममध्ये दाटीवाटीने उभ्या राहिल्या. माझ्या पाकिटातला, माझ्या शेजारीच असलेला एक भाऊ पाण्यात उतरला. काळं उमटलं, विरघळलं, दिवा लागला, आणि सखुबाई हळूहळू वर आली. आधी लुगड्याचे काठ, मग हात, मग चेहरा. म्हातारी लहान मुलीसारखी वाकून बघत होती.

"बया, मीच की गं!"

मृणालने त्या ओल्या कागदावरच्या हाताकडे बोट केलं. "आजी, हा टॅटू कुठला?"

"टॅटू न्हवं, गोंदण. तुळशीवृंदावन हाय. माझ्या आयनं मला..." सखुबाई थांबली. तिने आपला डावा हात वर केला, त्यावरचं हिरवट गोंदण बघितलं. मग कागदाकडे बघितलं. कागदावर गोंदण उजव्या हातावर होतं. तिने उजवा हात फिरवून फिरवून पाहिला. तो कोरा होता.

तिने पिशवीतून मला काढलं. माझ्यावरच्या पदकांवर अंगठा ठेवला आणि उचलला.

"म्हंजी कागदच उलटा हाय."

"हो आजी," मृणाल म्हणाली. "मी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

सखुबाई तिथेच, बादलीशेजारच्या ओल्या फरशीवर बसली. पेटी आली तेव्हा गावाने जे रडणं ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी करोल बागेने ऐकलं. खालच्या दुकानातला मेकॅनिक धावत वर आला, "क्या हुआ, क्या हुआ?" त्याला काय सांगणार? शिवांजलीने सासूचं डोकं पोटाशी धरलं आणि तीही रडली. बऱ्याच वेळाने सखुबाईने डोळे पुसले, सुनेच्या कपाळावरची टिकली आपल्या बोटाने काढली आणि म्हणाली, "खंड्याला फोन लाव. भटजींना बोलवून ठेव म्हणावं."

लोक म्हणतील, बरं झालं, खरं कळलं. बरंच झालं. शिवांजलीला आता जिन्यात थांबावं लागणार नाही. पण खरं कळल्यावर माणसाचं काय होतं, ते मी त्या ओल्या फरशीवर पाहिलंय. तेव्हापासून 'सत्याचाच विजय' वगैरे कोणी म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आता क्वार्टर रिकामं होतंय. मला आणि माझ्या भावाला एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलंय, साड्यांच्या घडीत. शिवांजली मला फाडणार होती, पण सखुबाईने फाडू दिलं नाही. "त्याचा काय दोष?" एवढंच म्हणाली. माझ्यावर कोणी केलेला हा सगळ्यात मोठा उपकार.

माझ्या भावाकडे मात्र ती एकदाही बघत नाही. ट्रंक उघडली तरी तो पालथा करून ठेवते. तुम्हाला कधी तो सापडला, तर एवढं करा, तिला दाखवू नका. त्या कागदात ती हसतेय, कारण तिथे तिचा पोरगा अजून घरी यायचाय.