तेवीस जुलैचा फळा

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, जुना म्हणजे सात वर्षांचा. पण सात वर्षांत माझ्या अंगावर इतकी थोर माणसे मेली आहेत की माझ्या जागी कोणीही म्हातारा झाला असता.

माझे लाकूड आंब्याचे. जुन्नरच्या कासम मिस्त्रीने तीन फळ्या जोडून मला घडवले, कोळशाची पूड आणि भोपळ्याच्या पानांचा रस चोळून काळे केले आणि बैलगाडीत घालून बेल्ह्याच्या वाटेवरच्या एका गावी पाठवले. गावाचे नाव सांगत नाही. शेजारची गावे उगाच रुसतील, तिथेही असेच चालते. शाळेत मी पोचलो पौषात. पण हेडमास्तरांनी वहीत माझी तारीख घातली एक जून. त्यांचा नियमच तो. ज्याच्या जन्माचा दाखला नाही, तो एक जूनला जन्मला. पटावर बघाल तर अख्खा गाव एकाच दिवशी जन्मलेला.

मला ओसरीत रस्त्याकडे तोंड करून टांगले. रोज सकाळी महंमद हनीफ गुरुजी पुस्तकात बघून माझ्यावर दिनविशेष लिहीत. वर तारीख, मग घटना, जन्म, मृत्यू. अक्षर असे की त्यात मरायला कोणालाही आवडावे.

वाचणारे थोडेच होते, पण ऐकणारी एक नेमाची होती. झुंबरबाई, धनगराची म्हातारी, गावची सुईण. शेळी घेऊन रानात निघाली की माझ्यापुढे थांबायची.

"मास्तर, आज कोन मेलं?"

"फ्रान्सचा राजा, आक्का. मान कापली त्याची."

"अरं द्येवा! आन् त्याच्या सुइनीचं नाव काय?"

गुरुजी पुस्तक चाळत. पुस्तकात सुईण कुठेच नव्हती.

"मंग समदी थोर मानसं झाडाला लागली व्हती व्हय?" म्हणून ती शेळीला हाकायची.

एकदा मात्र ती गेली नाही. पदराचे टोक चाळवत म्हणाली, "मास्तर, मी मेल्यावर माजं नाव लिव्हशील का रं हितं? येक दिस. दुसऱ्या दिशी पुसून टाक."

"लिहीन आक्का. अगदी पहिल्या ओळीत."

"पैल्या नको. खाली लिव्ह. सुईन खालीच बसती."

गुरुजींनी शब्द दिला. मी साक्षी होतो.

१९५७ साली शाळा समितीचे अध्यक्ष धर्माजी यांना वाटू लागले की आपलाही जन्म फळ्यावर असावा. एक जून त्यांना नको होता. गावगन्ना लोकांबरोबर अध्यक्षाने कसे जन्मावे? हेडमास्तरांनी पुस्तक चाळून तेवीस जुलै काढून दिली. त्या दिवशी लोकमान्य टिळक जन्मले. शेजार चांगला होता. गुरुजींना लिहावे लागले.

झुंबरबाई आली. गुरुजींनी वाचून दाखवले.

"धर्मा? आज?" म्हातारी मोठ्याने म्हणाली. "खुळं का काय? धर्मा पोळ्याच्या दिशी झाला. पायाळू व्हता. दोन पाय धरून वढला तवा भाईर आला. लई दमवलं मुडद्यानं!"

ओसरीवर हार घेऊन उभे असलेले धर्माजी हसले नाहीत. बाकी सगळा गाव हसला. पुढे दोन महिने, धर्माजी दिसले की कोणीतरी हळूच विचारायचे, "राव, औंदा शिंगाला रंग कंचा?"

पुढच्या वर्षी तेवीस जुलैलाच पहाटे झुंबरबाई गेली.

गुरुजी भिजत आले. माझ्यावर टिळक लिहिले, हुकुमाप्रमाणे धर्माजी लिहिले आणि मग अगदी खाली, सगळ्यात सुंदर अक्षरात, लिहिले: 'मृत्यू: झुंबरबाई, सुईण. गावातली चारशे माणसे हिच्या हातांवर जन्मली.' मित्रांनो, माझ्यावर राजे लिहिले गेले, सेनापती लिहिले गेले. ताठ उभे राहावेसे वाटले ते त्याच दिवशी.

दहा वाजता धर्माजी आले.

"माज्या वाढदिसाला मड्याचं नाव? पुसा!"

हेडमास्तरांनी लगबगीने गुरुजींपुढे फडके धरले. गुरुजींनी ते घेतले नाही. म्हणाले, "अध्यक्षसाहेब, खालची बाई नसती, तर वरची ओळ लिहायला माणूसच नव्हता."

धर्माजींनी खांद्यावरचे उपरणे काढले. तिने ज्याला ओढून जगात आणायला रात्र घालवली, त्याने तिला एका फटक्यात पुसले.

तेवढ्यात तिरडी आली. पाऊस पडत होता, तरी खांदेकरी माझ्यापुढे थांबले. म्हातारीची सून तुकाबाई वेशीपर्यंत म्हणून मागे आली होती. तिने विचारले, "मास्तर, लिव्हलं का? आत्याबाईंनी मरताना लई येळा इचारलं."

गुरुजी म्हणाले, "लिहिलं होतं, तुकाबाई."

तिला वाचता येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले. उरलेल्या ओळींत सगळ्यात खालची बोटाने हलकेच शिवली आणि तिच्यावर डोके टेकले. 'जन्म: धर्माजी.'

गुरुजी सांगायला पुढे झाले, पण तिचा चेहरा बघून मागे सरले. आठ दिवसांत त्यांची बदली झाली, आंबेगावकडे, डिंभ्याच्या पलीकडच्या एका वाडीवर. तिथल्या शाळेला फळा नाही म्हणतात.

मग जुन्नरहून रंगारी आला. त्याने मला सगळा काळ्या तैलरंगाने माखून वर तेवीस जुलै, टिळक आणि धर्माजी पांढऱ्यात लिहिले, म्हणजे पुन्हा कोणी खाली काही लिहायला नको. आता माझ्यावर रोज तेवीस जुलैच असते. पोळ्याला रंगवलेले बैल पुढून जातात, तेव्हाही.

आणि रोज सकाळी तुकाबाई येते. शेळी थांबवते, धर्माजींच्या नावाला नमस्कार करते, कधी तरवडाचे फूल ठेवते. धर्माजींनी ते एकदा पाहिले. हेडमास्तरांना बोलावून म्हणाले, "बगा, गरिबाला उपकाराची जान असती."

मित्रांनो, फळ्याला वाचा नसते. मला नवा रंग नको, ऊनपावसाचीही तक्रार नाही. फक्त तुमच्यापैकी ज्याला लिहिता येते त्याने एकदा यावे. खाली हातभर जागा आहे. तिने खालचीच मागितली होती. तैलरंगावर खडू धरत नाही, तेव्हा खिळ्याने कोरा. मला दुखेल ते मी बघून घेईन.