टेबलापुरतं छप्पर

लामाराच्या घरावरचं जुनं छप्पर गावानं एका सकाळीत उतरवलं. मोडायचं काम असलं की आमच्या इमेरेती प्रांतातल्या पुरुषांच्या अंगात भलतंच बळ येतं. वार्लाम सुतार पुढे, त्याच्यामागे शेजारपाजारचे सगळे वर चढले. बघता बघता गंजके पत्रे, कुजक्या पट्ट्या आणि चिमण्यांची घरटी अंगणात येऊन पडली. वर नुसत्या वाश्यांचा सांगाडा राहिला. मग सगळे खाली उतरले, विहिरीवर हात धुतले आणि जेवायला बसले. तिथंच घोडं अडलं.

लामारा कुताइसी शहरात एका शाळेच्या भटारखान्यात होती. जन्मभर तिनं परक्यांच्या पोरांना जेवू घातलं. नवरा गेला, नोकरी संपली, तेव्हा तिनं ठरवलं की उरलेले दिवस वडिलांच्या गावच्या लाकडी घरात काढायचे. घरापुढे द्राक्षांचा मांडव, मागे मक्याचं शेत, एक गोठा, थोडी अक्रोडाची झाडं. व्हरांड्याची जमीन पाय ठेवला की कुरकुरायची, खांबांना वाळवी लागलेली, विहिरीचा रहाट मोडलेला. पण तिला ते घर हवं होतं, आणि दुसरं काही नको होतं.

घर मात्र तिच्या नावावर नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून वडिलांनी ते नातवाच्या नावावर केलं होतं. हा नातू, म्हणजे लामाराचा मुलगा तोर्निके, पोलंडमध्ये लोकांच्या घरांवर छपरं घालतो. त्याला राजधानीतला एक हॉटेलवाला घरासाठी गिऱ्हाईक मिळाला होता. हॉटेलवाला हे घर फळी फळी सुटं करणार, फळ्यांवर आकडे टाकून ट्रकमधून नेणार आणि शहरात पुन्हा जोडून तिथे आजीच्या हातची खाचापुरी विकणार. चीज घातलेली ही रोटी आमच्याकडे कुठल्याही घरी मिळते, पण शहरात तिच्याभोवती जुन्या फळ्या लागतात. आजी तो तिकडेच पगारावर ठेवणार होता.

"आई, द्राक्षं तोडायला मी येतोय," तोर्निके फोनवर म्हणाला. "तोवर सगळ्या घरावर छप्पर असलं तर रहा तिथे, मी शब्द काढणार नाही. नसलं तर त्या माणसाला हो म्हणून टाकतो. तुला पावसात कुडकुडत ठेवून मी तिकडे झोपू कसा?"

मुलगा वाईट नव्हता. त्यानं कौलंही घेऊन दिली होती. ती अक्रोडाखाली रचून ठेवली होती, आणि कोंबड्या त्यांच्यावर बसत होत्या.

आता जेवणाचं सांगतो. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घरकामाची मजुरी कुणी घेत नाही. मजुरी घेतली म्हणजे शेजाऱ्याला परकं म्हटल्यासारखं होतं. काम करायचं आणि जेवायचं, एवढाच व्यवहार. आणि जेवण म्हटलं की टेबलाचा प्रमुख हवा. त्याला आम्ही तामादा म्हणतो. वाइनचा प्याला उचलून तो एकेकाच्या नावानं बोलतो: शांततेसाठी, गेलेल्यांसाठी, आईवडिलांसाठी, पोराबाळांसाठी. प्रत्येकानं त्यात भर घालायची, आणि शेवटचा प्याला होईपर्यंत टेबलावरून उठायचं नाही. उठला तर तो माणूस कसला.

वार्लाम सुतार गावातला सगळ्यात चांगला तामादा होता. सुतार तसा बेताचाच.

त्यातून लामाराचा हात. अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, कोथिंबीर घातलेला राजमा, मक्याच्या गरम भाकऱ्या, आंबट आलुबुखारांची चटणी. दुपारी जेवायला बसलेली माणसं गेलेल्यांच्या प्याल्यापर्यंत पोचायची, वार्लाम लामाराच्या वडिलांची आठवण काढायचा आणि मग घळाघळा रडायचा. रडून झाल्यावर हातोडा कोण उचलणार. संध्याकाळी सगळे गात गात घरी जायचे, आणि जाताना वर बघून म्हणायचे की काम छान चाललंय.

लामारा मांडवावरच्या द्राक्षांकडे बघत दिवस मोजायची. कुताइसीहून तिनं पैसे देऊन माणसं बोलावली, तर वार्लामनं त्यांना फाटकातच गाठलं. "गावात आलात आणि कोरड्या तोंडानं कामाला लागणार? आमची काही अब्रू आहे की नाही?" त्यांना त्यानं आपल्या घरी नेलं. अंधार पडल्यावर ती माणसं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसमध्ये चढली आणि पुन्हा आली नाहीत.

वार्लामची बायको त्सियाला लामाराची लहानपणची मैत्रीण. तिच्या जिभेला हाड नाही.

"चूक तुझीच आहे," त्सियाला म्हणाली. "इतकं चांगलं वाढल्यावर कुठला पुरुष कामाला उठेल? माझा नवरा घरी दोन घासांत उठतो. का, ते विचार."

"का?"

"मी राजम्यात मीठच घालत नाही."

लामाराला हे पटायला जड गेलं. पाहुण्याला वाईट वाढणं तिनं जन्मात केलं नव्हतं. पण घर जायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी तिनं राजमा अळणी केला, भाकऱ्या करपवल्या, कोंबडी अर्धी कच्ची ठेवली आणि मान खाली घालून वाढलं. वार्लामनं काळी भाकरी तोंडात घातली, बराच वेळ चावली, गिळली आणि उभा राहिला.

"हा प्याला लामाराच्या हातांसाठी," तो म्हणाला. "या हातांनी आजवर सगळ्यांचं केलं. आज ते थकलेत."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग सगळ्यांनीच पुसले.

गावभर बातमी झाली की लामाराचं काहीतरी बिनसलंय. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे मुलानं टाकलं. सकाळी बायका पातेली घेऊन हजर. एकीनं अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू आणलं. टेबलाला दुसरं टेबल जोडावं लागलं, आणि प्याल्यांच्या रांगेत लामाराच्या प्रकृतीचा एक नवा प्याला वाढला. त्या दिवशी हातोड्याला कुणी शिवलंसुद्धा नाही. लामारा स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिचं रडणं ऐकून बाहेर तिच्या नावानं आणखी एक प्याला झाला.

उन्हाळा असा गेला. मग एका दुपारी, वार्लाम गेलेल्यांचा प्याला हातात धरून उभा असताना, आभाळ फुटलं. टेबल मोठ्या खोलीत मांडलेलं होतं, आणि डोक्यावर नुसते वासे. पावसाचं पाणी राजम्यात पडलं, खाचापुरीवर पडलं आणि वार्लामच्या प्याल्यात पडलं.

"उठू या का?" कुणीतरी हळूच विचारलं.

वार्लामनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा पुन्हा बसला. गेलेल्यांच्या प्याल्यात पाणी चालत नाही, आणि शेवटच्या प्याल्याआधी उठणंही चालत नाही. वार्लाम विचारात पडला. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

"टेबल हलणार नाही," शेवटी तो म्हणाला. "छपरालाच यावं लागेल. कौलं आणा."

आणि माणसं उठली. म्हणजे रीतीप्रमाणे उठली नाहीत, प्याले बरोबर घेऊन गेली. वार्लाम शिडीवरून एकेका पितराचं नाव घेत होता, खालून कौलं जात होती, वर पट्ट्या ठोकल्या जात होत्या. आजोबांपर्यंत येईतो पाणी थांबलं. सगळे पुन्हा खाली बसले आणि पणजोबांपासून पुढे चालू झाले.

संध्याकाळी लामारा वर बघत उभी राहिली. छप्पर झालं होतं. टेबलाएवढंच लांब, टेबलाएवढंच रुंद, बाजूला खुर्च्यांपुरतं जास्त. पलीकडे आभाळ. कुठल्याही शहाण्या गवंड्यानं ते पाहून कपाळाला हात लावला असता. लामारा मात्र पुष्कळ दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी टेबल खिडकीच्या बाजूच्या खोलीत मांडलेलं होतं.

"आज इकडे कसं?" वार्लामनं विचारलं.

"तिकडे दमट वाटतं."

वार्लामनं वर पाहिलं. ढग होतेच. बसल्यावर पुन्हा उठायचं म्हणजे सगळ्या प्याल्यांचा क्रम चुकतो, आणि क्रम चुकलेला तामादा गावात चेष्टेचा विषय होतो. "आधी डोक्यावरचं बघू," तो म्हणाला, "मग स्वस्थ बसू." जेवणाआधी काम करायची ही आमच्या गावातली पहिलीच वेळ असावी.

मग लामारानं टेबलाला घरभर फिरवलं. व्हरांड्यात मांडलं, कारण तिथे वारा बरा. व्हरांड्याच्या फळ्या खुर्च्यांखाली खचू लागल्या, तेव्हा त्याही बदलून झाल्या. वाइनचे रांजण जमिनीत पुरलेल्या खोलीत मांडलं, कारण तिथून वाइन काढायला जवळ. गोठ्यात मांडलं, तेव्हा मात्र त्सियालाला राहवलं नाही.

"गोठ्यात कशाला गं?"

"गाय एकटी असते."

त्सियालानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग वरच्या नव्या कौलांकडे पाहिलं. "बया," ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं नवऱ्याचं मीठ तोडत बसले."

दुसऱ्या दिवसापासून त्सियालाच्या घरीही टेबल कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी दिसू लागलं.

पण एक खोली राहिली. पूर्वेकडची, लहानशी, लामाराच्या लहानपणीची. दार अरुंद, त्यातून टेबल जाईना. लामारानं आडवं केलं, उभं केलं, पाय काढून पाहिले. वार्लाम म्हणाला, "अगं, तिथे माणसं बसणार कुठे? ती खोली राहू दे." तेवढ्यात द्राक्षं पिकली, आणि जो तो आपापल्या मळ्यात गेला. गोठ्याच्या छपराचीही एक बाजू उघडीच राहिली. लामारा त्या लहान खोलीतच झोपायची, पलंगावर प्लास्टिक ओढून. दुसऱ्या खोल्यांत तिला झोप येत नव्हती. वर चांदण्या दिसल्या की ती मनात म्हणायची की झालं, एवढ्यासाठी घर गेलं.

तोर्निके आला. पाठीवरची पिशवी न उतरवता त्यानं सगळं घर पाहिलं. छपरं बघायचीच त्याला सवय.

"हे कुणी घातलंय? चौकोन चौकोन, ठिगळं लावल्यासारखं."

"गावानं."

"प्यायलेले होते का?"

"होते."

तो लहान खोलीच्या दारात आला आणि थांबला. वर आभाळ होतं, खाली आईचा पलंग.

"आई, सगळ्या घराचं ठरलं होतं," तो म्हणाला. "मी त्या हॉटेलवाल्याला शब्द दिलाय. तो फोन करेल आज."

"आधी जेव," लामारा म्हणाली.

पलंगाशेजारी तिनं एक तिवई मांडली. एका माणसाची. दारातून ती सहज आत आली. तिच्यावर गरम खाचापुरी, चटणी, एक प्याला. तोर्निकेनं कोट काढून खुंटीला टांगला आणि पलंगावर बसला. पहिला घास घेतला तेव्हा त्याचे डोळे मिटले. परदेशात असं काही मिळत नाही, हे त्यानं तोंडानं सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या घासाला पाऊस आला.

त्यानं ताटली सरकवली. पाणी तिथेही पडलं. "चल, मोठ्या खोलीत बसू."

"तू जा. मी इथेच जेवते, इथेच झोपते," लामारा म्हणाली. "मला सवय झालीय." ती खरं तेच सांगत होती.

तोर्निकेनं पलंगावरच्या प्लास्टिककडे पाहिलं. त्याच्या घडीत साठलेलं पाणी आईच्या उशीकडे ओघळत होतं. परक्या देशात परक्यांची घरं कोरडी ठेवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो उठला.

"शिडी कुठेय?"

"भिंतीला लावलेली आहे. उन्हाळ्यापासून."

तो सदऱ्याच्या बाह्या वर करत बाहेर गेला. वरून लवकरच नीट, एकसारखे ठोके ऐकू येऊ लागले. लामारानं खाचापुरी भिजू नये म्हणून एप्रनखाली धरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. असे ठोके या घरावर वडिलांनंतर कुणी मारले नव्हते.

कुंपणापलीकडून वार्लामचा आवाज आला, "कोण रे वर?"

"मी, तोर्निके."

"उपाशी चढलास?"

"अर्धा जेवून."

"अरेरे," वार्लाम म्हणाला, आणि प्याला आणायला आत गेला.

खुंटीवरच्या कोटातला फोन वाजू लागला. लामारानं हात पुसले आणि तो उचलला. पलीकडून हॉटेलवाला अदबीनं विचारत होता की तोर्निके आहेत का, आणि ट्रक कधी पाठवू.

"तोर्निके छपरावर आहे," लामारा म्हणाली. "ट्रक कशाला, तुम्हीच या ना. जेवायलाच या. गोठ्याची एक बाजू अजून उघडी आहे."