तीन बोटं वर

"डोकं फिरलंय का तुझं? कोणी सांगितलं होतं हा नसता उद्योग करायला?"

"ओरडू नका. भिंती कागदाच्या आहेत आपल्या."

"असू देत! अगं, आजची परीक्षा कारखान्याच्या लॅपटॉपवर आहे. त्यांच्या! तुझ्या दुकानातल्या लॅपटॉपवर नाही."

बायकोचा हात होता तिथेच थांबला. ती झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर बसायची. मालकाच्या मागे लागून लागून तिने हा लॅपटॉप आठ दिवसांसाठी घरी आणला होता. आणि काल संध्याकाळी, नवऱ्याला न सांगता, त्यात एक छोटासा प्रोग्राम टाकून सगळी सेटिंगं फिरवली होती. जे तीन बोटांनी करायचं ते आता दोन बोटांनी होत होतं. अंगठा आणि करंगळी टचपॅडवर ठेवायची, वर सरकवायची, की उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या समोर हजर. सकाळी चहा देताना तिने हे दाखवलं तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता. आणि तो भडकला.

"हे माझ्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली.

कारखान्यात त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. एकवीस वर्षं पॉवर प्रेसवर त्याने पत्र्याची झाकणं ठोकली होती. सात महिन्यांपूर्वी प्रेस नको तेव्हा खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या तीन बोटांचं एकेक पेरच उरलं. आता स्टोअरमध्ये एक जागा होती, पण त्याआधी परीक्षा द्यायची होती. डाव्या हातात स्कॅनर धरायचा, उजव्या हाताने ढकलगाडीवरचा लॅपटॉप चालवायचा. मालाची यादी एका खिडकीत, मागणी दुसऱ्या खिडकीत, दिवसभर हिच्यातून तिच्यात. ढकलगाडीवर माउस ठेवायला जागा नाही. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, "सोपं आहे हो, तीन बोटं वर!" आणि मग त्याच्या हाताकडे बघून त्यांनाच कसंतरी झालं होतं.

जमलं नाही तर गेटवर. गेटवर म्हणजे ज्यांच्या मांडीला मांडी लावून एकवीस वर्षं डबा खाल्ला, त्यांच्याच पिशव्या उघडून बघायच्या.

"ती उरलेली पेरं टेकवून बघितलीत का कधी?" तिने हळूच विचारलं.

"त्याला काय कळणार आहे? ठसे कुठायत त्यांना? हजेरीच्या मशीनने काय केलं, विसरलीस? अपघातानंतर पहिल्या दिवशी कामावर गेलो, हे बोट ठेवलं, तर टूं टूं टूं. 'ओळख पटत नाही.' मागे अख्खी रांग हसत होती."

"ते हजेरीचं मशीन. हे वेगळं."

"मशीन ते मशीन! मला नको शिकवूस."

"बरं, नाही शिकवत. मी अडाणी." तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि खाडखाड बटणं दाबत सुटली. "हे घ्या. प्रोग्राम काढला. सगळं होतं तसं केलं. आता जा आणि बसा गेटवर शिट्टी घेऊन!"

"बसेन! तुझ्या बापाचं काय जातंय?"

असं म्हणून त्याने लॅपटॉप पलीकडे सारला. रागात उजव्याच हाताने सारला. एरवी तो हात रुमालात गुंडाळलेला असायचा, पण आत्ताच आंघोळ झाली होती आणि रुमाल दोरीवर वाळत होता. तिन्ही खुंट टचपॅडवर टेकले आणि घसरत वर गेले.

पडद्यावरचं पान मागे सरकलं. सगळ्या खिडक्या लहान होऊन शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

दोघंही बघत राहिले.

"तू काही केलंस?"

"माझे हात इथे आहेत." तिने दोन्ही हात वर करून दाखवले.

त्याने परत खुंट टेकवले, या वेळी हलके, तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसे. खाली ओढले. खिडकी मोठी झाली. वर. पुन्हा सगळ्या हजर. डावीकडे. उजवीकडे. एकदा चुकलं. मधला खुंट जरा आखूड होता, तो टेकलाच नाही, आणि पान नुसतंच सरकलं. तिने त्याचं मनगट धरलं आणि थोडं खाली दाबलं. सात महिन्यांत तिने त्या हाताला पहिल्यांदा हात लावला होता. म्हणजे त्याने लावू दिला होता.

"असं," ती म्हणाली.

"कळलं गं."

"दुखतंय का?"

"गुदगुल्या होतायत." आणि तो हसला, मग नाक ओढलं, मग उगाचच खिडकीबाहेर बघितलं. "तीन मोजतंय बघ. बरोबर तीन."

"मग आहेतच तीन. मी काय वेगळं म्हणत होते?"

"तू काहीच म्हणत नव्हतीस. तू मला शिट्टी घ्यायला सांगत होतीस."

ती हसायला लागली आणि हसता हसता पदराने पडद्यावरची धूळ पुसत बसली, धूळ नसताना. तो करत राहिला. वर, खाली, वर, खाली. चहावर साय धरली.

"अहो, पावणेदहा."

"अजून एकदा."

"बस जाईल."

त्याने शर्टाचं शेवटचं बटण लावलं, चपलेत पाय घातले. दोरीवरून रुमाल काढून ती त्याच्यापुढे धरून उभी राहिली.

"राहू दे," तो म्हणाला. "ओला आहे. आणि मला आता निघायला हवं."