दुसरं कुलूप

संगीतानं फोन स्टार्टरच्या पेटीवरच्या कुलपाला जवळजवळ चिकटवला.

"दिसलं का?"

"दिसलं," आफ्रिकेतून भागवत म्हणाला.

"बारा दिवस झाले. गहू ओंबीवर आलाय, अन् तुमच्या भावानं मोटर कुलपात घातलीय. पाण्याच्या पाळीचा एक दिवस मागंपुढं झाला म्हणून."

"तू त्याच्या दारात जाऊ नको. सुट्टीवर आलो की बघतो त्याला."

सुट्टी जूनमध्ये. गहू काय जूनपर्यंत वाट बघत उभा राहणार होता? संगीतानं कपाळाला हात लावला. विहीर सामाईक, मोटर सामाईक, आणि सहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सख्खे भाऊ. त्यातला थोरला, म्हणजे तिचा नवरा, शांतिसेनेत हवालदार. जगाची भांडणं मिटवायला सरकारनं नेमका हाच माणूस शोधून काढावा, याचं तिला नवल वाटायचं.

तिकडचं मात्र तो रंगवून सांगायचा. गुरं राखणाऱ्या दोन जमाती, पाण्यावरून वर्षानुवर्षं मुडदे पडलेले. परदेशी संस्थेनं पंपाला पैसा दिला तो अट घालून: आधी दोघांनी एकत्र बसायचं, मग पाणी. भागवतच्या तुकडीनं पंप बसवला आणि पेटीला दोन कुलपं लावली. एक चावी या जमातीकडं, दुसरी त्या जमातीकडं. दोघं आल्याशिवाय पंप चालू होत नाही.

"आमचे साहेब म्हणतात, नुस्ती बंदूक घेऊन उभं राहिलं तर शांतता येत न्हाई, अन् नुस्तं पाणी देऊनबी येत न्हाई. दोन्ही एका दाव्याला बांधावं लागतं. परवा मोठे पाव्हणे येऊन फोटो काढून गेले."

"लई चांगलं झालं," म्हणून संगीतानं फोन ठेवला.

त्याच दुपारी तिनं तेलगावहून एक दणकट कुलूप आणलं आणि धाकट्या दिराच्या, अजिनाथच्या, कुलपाशेजारी, त्याच कडीत अडकवून टाकलं.

सकाळी लाईट आली तसा अजिनाथ तणतणत आला.

"वहिनी, हे कावून लावलं?"

"तुमी कावून लावलं?"

"फोडीन मी."

"फोडा. मंग तुमचंबी मी फोडते. न्हाईतर चावी घेऊन या, मी माझी आणते. अर्धा दिवस तुमचा, अर्धा आमचा."

"मी तुमच्या दारात यायचो न्हाई."

"दारात कोण बोलावतंय? विहिरीवर या."

आला नाही. भाऊ कुणाचा होता तो! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. गुरांचं पाणी संगीता बारा दिवस गावच्या हापशावरून वाहत होतीच. आता तिची धाकटी जाऊ वर्षाराणीही वाहू लागली. एक गाय, दोन बैल, घरचं वेगळं. पुरुषांचं बोलणं बंद म्हणून बायकांचंही बंद. दोघी हापशावर पाठीला पाठ लावून घागरी भरायच्या आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी जायच्या. संगीताला त्या अबोल्याचा जीव जाईस्तोवर वैताग आला होता.

तिसऱ्या दिवशी वर्षाराणी विहिरीवर येऊन उभी राहिली. पदराच्या गाठीतून तिनं चावी काढली.

"आक्का, तुमची आणली का?"

"भावजींना सांगून आलीस?"

"माझी कंबर गेली. त्यांना काय विचारायचं?"

दोन्ही कुलपं निघाली. पाटात पाणी आलं तेव्हा संगीताला रडू फुटलं आणि ते तिनं लपवलंही नाही. वर्षाराणी तिच्याशेजारी बांधावर बसली. सहा वर्षांचं बोलायचं राहिलेलं होतं, पण दोघी गव्हाबद्दलच बोलल्या.

पुढं रोज तसंच चाललं. अजिनाथनं चार दिवस आदळआपट केली, पाचव्या दिवशी मुकाट्यानं खोरं घेऊन गव्हाला पाण्याचे बारे द्यायला आला. गहू हाताला लागला.

महिनाभर भागवतचा फोन नव्हता. आला तेव्हा संगीता भांडायच्या तयारीनंच बसली होती, पण त्याचा आवाज पार बसलेला.

"पंप मोडला इथला. एका जमातीच्या म्होरक्यानं चावी अडवून धरली, दुसऱ्यानं कुलूप फोडलं. चार माणसं गेली. साहेब रिपोर्ट लिहितायत. कुठं चुकलं ते त्यांनाबी कळंना."

संगीता सावरून बसली.

"गावातला राधाकिशन सांगत होता, आपली विहीर दोन कुलपांवर चालू हाय म्हणून."

"हाय."

"तुझं कसं काय टिकलं?"

तिच्या ओठावर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"तिकडं चाव्या कुणाकडं दिल्या होत्या तुमी?"

"दोन्हीकडच्या म्होरक्यांकडं."

"अन् पाणी कोण वाहतं?"



"बाया," भागवत म्हणाला.