चुकलं तर थांबवा

आजोबांना ऐकू येत नाही, अशी साऱ्या गल्लीची खात्री होती. समोरचे घड्याळवाले काका तर वीस वर्षं त्यांच्याशी ओरडून बोलले आणि शेवटी स्वतःचाच घसा बसवून बसले. गल्लीचंही तसं चुकत नव्हतं. आजोबांना काहीही सांगा, ते आधी जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचे. आजीने दारातून सांगावं, "येताना खोकल्याचं औषध आणा आणि चार बल्ब." की हे पायरीवर उभे राहून म्हणणार, "परत सांगतो. खोकल्याचं औषध एक, बल्ब चार. चुकलं तर थांबवा." आजीने "बरोबर आहे, निघा आता" म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही. तिने लग्नाला होकार दिला तोही त्यांनी असाच परत म्हणून दाखवला होता म्हणे. "तेव्हाच थांबवायला हवं होतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि वर खुदकन हसायची.

खरं तर म्हाताऱ्याचे कान शेवटपर्यंत तिखट होते. शेजारच्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तरी त्यांना कळायचं. ही खोड होती युद्धातली. तरुणपणी ते फौजेत टेलिफोनवर होते. डोंगराखालच्या खंदकात बसायचं, पुढच्या चौकीवरून येणारा हुकूम ऐकायचा, तो परत म्हणून दाखवायचा आणि पलीकडून "बरोबर" आलं की मगच मागे तोफांना कळवायचा, हे त्यांचं काम. युद्ध तेरा महिन्यांत आटोपलं. आजोबा घरी आले, सोबत त्यांचं ते "परत सांगतो"ही आलं आणि कायमचं राहिलं.

नातीलाही हाच रोग लागला. ती रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. घाबरलेला माणूस पत्ता सांगतो, ती परत म्हणून दाखवते आणि दहातला एक तरी ओरडतो, "नाही, नाही, तिसरा मजला!" आजोबांचं हे देणं ती दिवसातून शंभर वेळा वापरायची आणि तिला त्याचा मनापासून अभिमान होता.

म्हणून आजोबा गेल्यावर तिने एकच गोष्ट मनावर घेतली. गावातल्या माजी सैनिकांच्या सभागृहात एक भिंत आहे. युद्धावर जाऊन आलेल्यांचे फोटो तिथे लागतात. आजोबांचा फोटो त्या भिंतीवर लागलाच पाहिजे.

सभागृहाचे अध्यक्ष माणूस वाईट नव्हते, पण नियमात नसेल तर शिंकही आवरून धरतील असे. त्यांनी जाडजूड नोंदवही उघडली, आजोबांचं पान काढलं आणि चष्मा पुसला. उगाचच दुसऱ्यांदाही पुसला.

"ताई, इथे एक शेरा आहे."

शेरा एका ओळीचा होता. 'ऐन माऱ्याच्या वेळी हुकूम पुढे देण्यास विलंब.'

नातीच्या शेजारी आई बसली होती. आजोबांची मुलगी. तिचा चेहरा खर्रकन उतरला. आजोबांनी याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता.

"शेरा असलेल्याचा फोटो लावता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "त्या आघाडीवर हजर असलेल्या कुणी येऊन समितीपुढे साक्ष दिली, तर गोष्ट वेगळी. शनिवारी बैठक आहे. पुढची वर्षभराने."

मामा म्हणाला, जाऊ दे, आपल्या घरात लावू, आपल्या भिंती काय कमी आहेत का? पण आई दोन दिवस धड जेवली नाही. ज्या माणसाने साधा निरोपसुद्धा कधी चुकवला नाही, त्याच्या नावावर विलंब! नातीने अध्यक्षांकडून त्या आघाडीवरच्या हयात लोकांची यादी मागून घेतली. चौदा नंबर होते. रोज ड्यूटी संपली की ती जेवणाच्या खोलीत डबा बाजूला सारून फोन लावायची.

आजोबांचं नाव सांगायची, शनिवारच्या बैठकीत साक्षीला माणूस हवा म्हणायची आणि विचारायची, "आठवतात का?"

कुणालाच आठवेनात. दोघे एव्हाना देवाघरी गेलेले. एकाला स्वतःचंच नाव आठवत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अर्धा तास स्वतःच्या गुडघ्यांची हकिकत सांगितली आणि वर "पुन्हा फोन कर हं बाळ" म्हणाले. तेरा नंबर झाले. शुक्रवार उजाडला.

चौदावे होते तोफखान्यातले एक निवृत्त साहेब. आवाज करडा. त्यांनीही नाव ऐकून "नाही, माहीत नाही" म्हणून वाटेला लावलं. नात हिरमुसली, तरी म्हणाली, "पुढेमागे काही आठवलं तर कळवाल? तुमचा पत्ता द्या, मी आजोबांचा फोटो पाठवते." साहेबांनी भराभर पत्ता सांगितला. सवयीने तिच्या तोंडून गेलं,

"परत सांगतो. घर क्रमांक अडतीस, टाकीमागची गल्ली, दुसरा मजला. चुकलं तर थांबवा."

मुलगी असून ती 'सांगतो' म्हणाली, कारण ते वाक्य तिने त्याच रूपात पाठ केलेलं होतं.  

"हे तुला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. आवाजातला करडेपणा कुठल्या कुठे गेला होता.

"आजोबांनी. त्यांचंच तर विचारतेय मी."

"अगं, नावाने काय विचारतेस! लाइनवर कुणाला नाव होतं? तो आमचा सात नंबर. तोंड कधी पाहिलं नाही मी त्याचं. पण हे वाक्य... फौजेत 'परत सांगतो' सगळेच म्हणायचे. 'चुकलं तर थांबवा' म्हणणारा एकटा तोच होता." मग त्यांनी विचारलं, "तो शेरा आहे अजून?"

"तुम्हाला कसा माहीत?"

"मीच तक्रार केली होती. बैठक किती वाजता आहे?"

"अकरा," ती कशीबशी म्हणाली आणि साहेबांनी फोन ठेवून दिला.

घरी हे ऐकून मामाने कपाळाला हात लावला. "शाब्बास! ज्याने तक्रार केली त्यालाच आवतण देऊन आलीस. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा तर तो असा."  साहेब आजोबांच्या बाजूने बोलायला येणार की तो शेरा आणखी घट्ट करायला, हे नातीलाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना साहेब आले. हातात काठी, इस्त्रीचा कोट, मुलीच्या आधाराने एकेक पायरी चढत. सभागृहात पंचवीस-तीस म्हातारे खुर्च्यांवर बसलेले. अध्यक्षांनी बसायला सांगितलं, पण साहेब बसले नाहीत.

"पुढच्या चौकीवर मी होतो," त्यांनी सुरुवात केली. "तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी शत्रू दिसला. मी नकाशा बघून सहा आकडे सात नंबरला दिले. तोफांनी कुठे मारा करायचा त्याचे. तो म्हणाला, परत सांगतो. मी खेकसलो, 'वेळ घालवू नकोस, पुढे दे!' तो म्हणाला, 'साहेब, परत म्हटल्याशिवाय मी देत नाही. नंतर काय ती शिक्षा करा.' आणि एकेक आकडा सावकाश म्हणायला लागला. त्याच्या प्रत्येक आकड्याबरोबर माझं बोट नकाशावर सरकत होतं. शेवटच्या आकड्याला बोट जिथे थांबलं तिथे ओढा होता. ओढ्यात आमचीच माणसं होती. त्रेपन्न."

साहेबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"दोन आकडे मी उलटे दिले होते. मी ओरडलो, 'थांब, आकडे बदल.' त्याने बदलले, नवे परत म्हणून दाखवले आणि मग पुढे दिले. मारा दीड मिनिट उशिरा झाला. वरून विचारणा आली, उशीर का? माझी बढती तोंडावर होती. मी सांगितलं, टेलिफोनवाल्याने केला." साहेबांनी नातीकडे पाहिलं. "त्याच्यापुढे नकाशा नव्हता. नुसते आकडे. ते का बदलले, तेही मी सांगितलं नाही. आपण काय केलं, हे त्याला कधी कळलंच नाही."

नातीच्या आता कुठे लक्षात आलं. म्हणजे आजोबा आयुष्यभर समजत राहिले की आपल्यामुळे उशीर झाला. सावकाश म्हटलं म्हणून शेरा बसला, एवढंच त्यांना माहीत. दुसरा असता तर त्या दिवसापासून 'हो साहेब, दिला साहेब' करत सुटला असता. हा माणूस घरी येऊन चार बल्बसुद्धा परत म्हणून घेत राहिला! तिला एकाच वेळी रडू आलं आणि हसूही आलं आणि आजोबांचा असा काही अभिमान वाटला की खुर्चीत बसवेना.

साहेबांनी नोंदवही मागितली. अध्यक्षांनी नियम न बघता पुढे केली. शेऱ्याखाली साहेबांनी लिहिलं, 'विलंब यांचा नव्हता. चूक माझी होती.' खाली हुद्दा आणि सही.

"मताला टाकायचं का?" समितीतल्या एकाने विचारलं.

"मत कसलं घेताय?" अध्यक्ष गरजले. "हातोडी आणा!"

सगळे म्हातारे उठले. कुणी काठीवर, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर भार टाकून. मामाने खिळा ठोकला आणि पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर घेऊनही हूं की चूं केलं नाही. फोटो लागला. टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं हादरली.

टाळ्या ओसरल्यावर आई पुढे झाली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. शेऱ्याचं कळल्यापासून ती मान खाली घालून वावरत होती. आता तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही उशीर नव्हता केला. त्रेपन्न माणसं घरी गेली."