कोरं कपाळ

सोमवारी सकाळी आठ वाजता फर्निचरच्या दुकानासमोर रांग लागायची. त्या रांगेत कुणालाच पलंग घ्यायचा नसे, कपाटही नको असे. सगळ्यांना दुकानावरच्या हॉलमध्ये जाऊन कपाळ कोरं करून घ्यायचं होतं.

वर बसायचे रेषागुरू. खरं नाव कुणी विचारलं नाही. पांढरा सदरा, पांढरे मोजे, बोलणं लोण्यासारखं मऊ. कपाळ म्हणजे पाटी, असं ते सांगत. पाटीवर जन्मतःच दुर्दैवाच्या रेघा ओढलेल्या असतात. त्या वयाबरोबर वर येतात आणि मग घराला एकेक दुखणं लागतं. आडव्या रेषा कष्टाच्या, भुवयांमधल्या उभ्या दोन विरहाच्या. रेघ पुसली की लिखाण गेलं, लिखाण गेलं की दुखणं गेलं. पाटी पुसली म्हणून कुणाचा परीक्षेतला निकाल बदलल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण हॉलमध्ये हे म्हणायला मी नव्हतो, आणि जे होते ते माना डोलवत होते.

विधी साधा होता. कपाळावर थंडगार पांढरा लेप, डोळ्यांवर जाड कापड, टेपवर समुद्राच्या लाटांचा आवाज. अर्ध्या तासाने गुरू बोटातल्या अंगठीने कपाळाला दहा-बारा जागी स्पर्श करत. डास चावल्यासारखं वाटे. एखाद्या जागी रक्ताचा थेंब आला तर रेषेतलं विष बाहेर पडलं असं समजायचं. मग पथ्य: चार तास आडवं व्हायचं नाही, मान खाली घालायची नाही, कपाळ चोळायचं नाही. तीन दिवसांत रेषा फिक्या पडतील, पंधरवड्यात दिसेनाशा होतील.

आणि व्हायच्याही. हीच तर पंचाईत होती. खोट्या चमत्काराला हसणं सोपं असतं. हा चमत्कार आरशात दिसत होता.

माझं औषधांचं दुकान त्याच रस्त्यावर, चार दारं सोडून. समोरून जाणारी गुळगुळीत कपाळं मी रोज बघत होतो आणि मला काही सुचत नव्हतं. माझ्या नाकाखाली ठेवलेली गोष्ट मला दिसली नाही, हे आधीच कबूल करतो.

माझी ताई कपड्यांच्या कारखान्यात काजं करते. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने, बारा वर्षं, डोळे बारीक करून. तिच्या भुवयांमध्ये दोन खोल उभ्या रेघा पडल्या होत्या, त्या तिथेच पडल्या. पण दीड वर्षापूर्वी भावजी दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटायला निघून गेले आणि ताईला त्या रेघांचा वेगळाच अर्थ कुणीतरी सांगितला. शेजारच्या मशीनवरची बाई तिला हॉलमध्ये घेऊन गेली. रेषागुरूंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, घरातलं माणूस बाहेर गेलंय आणि तुमच्या कपाळाने आतून कडी लावलीय.

एवढं अचूक कसं सांगितलं, म्हणून ताई रडली. शेजारच्या बाईने रांगेत कुणाकुणाला काय काय सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांत ताईचं कपाळ अंड्यासारखं झालं. आणि विसाव्या दिवशी भावजी खरंच आले. त्यांना एका कागदावर ताईची सही हवी होती. सही घेताना म्हणाले, बरी दिसतेस. चहा न घेता गेले. पण ताई तशीच धावत माझ्या दुकानात आली. आले होते, म्हणाली. कडी निघाली. मी कागदाचं विचारलं तर तिने ते ऐकलंच नाही.

ताईला एक मुलगी, अकरा वर्षांची. सारखी इकडून तिकडे पळते म्हणून घरात तिला खारू म्हणतात. खारूला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणांची भाषा ती शाळेत शिकली, ताई तिच्याबरोबर शिकली, मी मोडकीतोडकी शिकलो. शाळा सुटल्यावर ताई कामावरून येईपर्यंत खारू माझ्या दुकानात, काउंटरमागच्या स्टुलावर बसते.

एक दिवस तिने माझी बाही ओढली आणि हातांनी सांगितलं, "आई आता मला काही विचारत नाही. नुसतं सांगते."

मला समजलं नाही. मग तिने करून दाखवलं. खुणांच्या भाषेत 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस का' यांत हात सारखेच चालतात. फरक भुवयांचा. भुवया वर गेल्या की तो प्रश्न. आई घरी येते, हात हलवते, चेहरा तसाच. तू जेवलीस. तुझं पोट दुखतं. शाळेत तू रडलीस. खारूला वाटे आई आपल्याला हुकूम सोडते आहे, नाहीतर खोटं सांगते आहे. दोनदा ती न जेवता झोपली होती, कारण आईने सांगितलं होतं की ती जेवली आहे.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो आणि म्हटलं, भुवया वर कर बघू. ती हसली. गाल हलले, ओठ हलले. कपाळ जागचं हललं नाही. रागाने बघ म्हटलं. तेही जमेना. खारूने पुढे होऊन दोन्ही अंगठ्यांनी आईच्या भुवया वर ढकलल्या, आणि सोडल्यावर त्या खाली आल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पांढरा लेप म्हणजे कातडी बधिर करायचं मलम. तो माझ्याच कपाटात आहे. अंगठीच्या आड केसासारखी बारीक सुई. चार तास आडवं न होणं हे पथ्य नव्हे, सुरकुत्यांची सुई दिल्यावर डॉक्टर देतात ती सूचना. दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, हे बोट्युलिनम, लोक बोटॉक्स म्हणतात ते. मज्जातंतूंचा निरोप स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. स्नायू आखडला नाही तर वरच्या कातडीला घडी पडत नाही. तीन-चार महिन्यांनी स्नायू जागा होतो, रेषा परत येतात. जाणकार हाताने, तपासून, योग्य मात्रेत दिलं तर त्यात काही पाप नाही. पण याने कातडी सपाट होते. नवरा परत येण्याचा आणि याचा संबंध नाही.

हे सगळं मी ताईला समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, सुई असेलही. पण सुईत काय भारलेलं आहे ते तुला कसं माहीत?

चौथ्या महिन्यात रेघा परत दिसू लागल्या. भावजी आले नव्हते. गुरूंनी सांगितलं, मनात शंका घेतली म्हणून लिखाण परत उमटलं. ताई दुसऱ्यांदा जाऊन आली. या वेळी आठवड्याभरात तिची डावी पापणी उतरली. अर्धा डोळा मिटलेला. काजं वाकडी पडू लागली, मुकादमाने तिला मशीनवरून उठवून धागे तोडायला बसवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध भलतीकडे पसरलंय, काही आठवड्यांत त्याचा परिणाम ओसरेल, पण यापेक्षाही वाईट होऊ शकलं असतं. घशाचे स्नायू ढिले पडलेले रोगी मी पाहिलेत.

पुढच्या सोमवारी डॉक्टरबाईंना घेऊन मी हॉलमध्ये गेलो. चाळीसेक बायका, दहा-बारा पुरुष. मी उभा राहून सगळं सांगितलं: लेप, सुई, औषध, चार महिन्यांचा हिशेब. मग म्हटलं, ज्यांचं कपाळ पुसून झालंय त्यांनी फक्त भुवया वर करून दाखवाव्यात.

कुणालाच जमलं नाही. ओळीने चेहरे माझ्याकडे बघत होते, त्यांत राग आहे की आश्चर्य की भीती, मला कळायला मार्ग नव्हता. दोघीतिघींचे हात आपसूक कपाळाकडे गेले. मला वाटलं, झालं.

रेषागुरू शांतपणे म्हणाले, "ज्याची चिंताच गेली, त्याने भुवया कशासाठी उचलायच्या?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी तक्रार केली. औषध खात्याचे लोक आले. पलंगांच्या मागच्या खोलीत छोटा फ्रिज निघाला, त्यात बिनलेबलाच्या बाटल्या, सुया, आणि टाचणीएवढ्या भोकाच्या तीन अंगठ्या. निरीक्षकाने अंगठीतून सुई बाहेर काढून सगळ्यांदेखत दाखवली. यापेक्षा उघड पुरावा कसला असतो? हॉलला सील लागलं. रेषागुरू जामिनावर सुटले आणि तीन आठवड्यांत नदीपलीकडच्या भागात दुसऱ्या जागी बसू लागले. आता अंगठी नाही. सुई उघड दाखवतात आणि म्हणतात, विज्ञानानेही मान्य केलंय.

रस्त्यावरचे लोक माझ्या दुकानात येईनासे झाले. शेजारच्या मशीनवरची बाई एकदा समोरून जाताना थांबली आणि म्हणाली, तुम्ही काय दिलंत आम्हाला, त्यांनी निदान काही तरी दिलं होतं.

ताईची पापणी सुधारली. मशीन परत मिळालं. रेघा परत आल्या. मग एका रविवारी ती बस धरून नदीपलीकडे गेली. मला खारूकडून कळलं. मी जाऊन विचारलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे सुई आहे ती. तो येणार नाही हेही माहीत आहे. कपाळावर आठ्या असल्या की कारखान्यात सगळ्या विचारतात, काय गं, काही कळलं का त्याचं. कपाळ कोरं असलं की कुणी विचारत नाही. तेवढे चार महिने मला दे."

मी काय देणार होतो? खारूचं काय, एवढंच विचारलं. ती शहाणी आहे, समजून घेते, असं ताई म्हणाली.

गेल्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. शिक्षिका काळजीत होत्या. खारू हुशार, पण गेले काही महिने वर्गात प्रश्न विचारत नाही. खुणा करते, हात बरोबर चालतात, चेहरा मात्र सपाट. विचारते आहे की सांगते आहे, इतर मुलांना कळत नाही. तिच्याशी खेळणं त्यांनी सोडलंय. तपासून घ्या, काही आजार असेल, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी तपासलं. भुवया उत्तम हलतात. तिच्या कपाळाला कुणी सुई लावलेली नाही. ती वर्षभर रोज जो चेहरा बघते आहे, तो तिने उचलला आहे.

मला माहीत आहे, हे वाचून कुणी रांगेतून उठणार नाही. तरी लिहितो. कपाळावर काही लिहिलेलं नसतं. तिथे कातडी असते, खाली स्नायू असतो, आणि आपण जगतो तशा त्याला घड्या पडतात. कुणी त्या पुसून द्यायला बसला असेल तर त्याला विचारा, सुईत काय आहे आणि ते द्यायचा परवाना कुठे आहे. विचारताना भुवया उचलता येत आहेत, तोवर विचारा.